पात्रतेची ओळ

मंडळी, नमस्कार. त्याचं नाव घेतलं की माझा आवाज जातो, म्हणून आज घेत नाही. गणपतीत साउंडच्या वायरी कोण सोडवत बसायचा, ते तुम्हाला ठाऊक आहे. आईबाबा समोरच बसले आहेत.

त्याच्या आठवणीत काढलेल्या शिष्यवृत्तीसाठी पैसे लवकर जमले. समिती अडकली ती अर्जातल्या 'पात्रता' या एका ओळीवर. कोणी म्हणालं, तो इंजिनिअरिंगला होता, तर इंजिनिअरिंगवाल्यांनाच द्या. कोणी म्हणालं, मराठी यायलाच हवं. मार्कांची अट सगळ्यांनाच हवी होती. मलासुद्धा.

रविवारी पामच्या झाडांमधून आपण ज्या आवारात फिरतो, ते एका मुलाचं स्मारक आहे. स्टॅनफर्डचं कागदोपत्री नाव आजही 'लेलँड स्टॅनफर्ड ज्युनिअर विद्यापीठ'. हा ज्युनिअर मार्च 1884 मध्ये फ्लॉरेन्सला विषमज्वराने गेला. सोळा पूर्ण व्हायला दोन महिने होते. एकुलता एक. आईवडिलांनी काढलेलं विद्यापीठ 1891 मध्ये सुरू झालं, मुलींनाही पहिल्या दिवसापासून प्रवेश होता, आणि 1920 पर्यंत शिकवणीची फी नव्हती. म्हणजे अख्खं विद्यापीठच शिष्यवृत्ती!

1893 मध्ये वडील वारले. त्यांच्या रेल्वे कंपनीला दिलेल्या कर्जापोटी सरकारने दीड कोटी डॉलरचा दावा लावला, इस्टेट अडकली. कोर्टाने घरखर्चाला जी रक्कम मंजूर केली, तिच्यातून आईने, म्हणजे जेन स्टॅनफर्डबाईंनी, प्राध्यापकांचे पगार भागवले. दावा त्यांनी 1896 मध्ये जिंकला, तरी ओढाताण संपेना. पुढच्या वर्षी दागिने घेऊन त्या लंडनला गेल्या. मनासारखा भाव आला नाही, बहुतेक दागिने घेऊन परतल्या. त्यांच्या पश्चात त्या दागिन्यांच्या नावाने ग्रंथालयासाठी निधी उभा राहिला. लेकराच्या फीसाठी पाटल्या मोडणाऱ्या आया आपण पाहिल्या आहेत. ही बाई दुसऱ्यांच्या लेकरांसाठी निघाली होती.

पण याच बाईंनी 1899 मध्ये नियम केला की एका वेळी पाचशेच्या वर मुली नकोत. मुली वाढत चालल्या होत्या. हे मुलींचंच कॉलेज झालं तर माझ्या मुलाचं स्मारक कसलं, ही धास्ती. तो नियम 1933 मध्ये सैल झाला. तोवर किती जणी दारातून परत गेल्या असतील! बाईंना मी नावं ठेवत नाही. गेलेल्या पोराला घट्ट धरून ठेवावंसं वाटतंच. आम्हीही त्या टेबलावर तेच करत होतो, फक्त आमचा आकडा मार्कांचा होता.

मागच्या बैठकीत आपल्या पोराची आई इतका वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काका, पहिल्या वर्षी तो दोन विषयांत नापास झाला होता. तुमच्या अटीत तो बसला असता का हो?"

चहा निवून गेला. कोणी घेतला नाही.

तर मार्क, शाखा, मातृभाषा, सगळं खोडलं आहे. कॉलेजात प्रवेश हवा आणि पैशाची गरज हवी, एवढंच. एक व्यवहाराची गोष्ट: बाहेरची शिष्यवृत्ती मिळाली की काही कॉलेजं आपली मदत तेवढीच कापतात, तेव्हा आर्थिक मदत कचेरीत आधी विचारून घ्या. अर्ज दाराजवळच्या टेबलावर आहेत, अत्तरदाणीच्या शेजारी. शेजारच्या मेक्सिकन कुटुंबातल्या मुलीसाठीही एक घेऊन जा.