दिएंगची जट आणि शेजाऱ्याचा कोंबडा

नमस्कार श्रोतेहो.

आज इंडोनेशियातल्या जावा बेटावर जाऊ या. जावा म्हटलं की कुणाला बोरोबुदुरचा स्तूप आठवतो, कुणाला प्राम्बानानची देवळं, आणि नुकतीच सहल करून आलेली मंडळी हटकून बालीचे फोटो दाखवतात. बाली हे वेगळं बेट आहे हो. जावाच्या पूर्वेला, मध्ये चिंचोळी सामुद्रधुनी. पण फोटो दाखवणाऱ्याला अडवायचं नसतं, म्हणून मी गप्प बसतो.

आपण जाणार आहोत एका लहान गावात. गावाचं नाव दिएंग कुलोन. पुन्हा सांगतो, दिएंग कुलोन. मध्य जावात वोनोसोबो नावाचं शहर आहे, तिथून सव्वीसेक किलोमीटर घाट चढला की दिएंगचं पठार लागतं. उंची सुमारे 2000 मीटर. आपलं कळसूबाई 1646 मीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच टोकाच्याही वर ही माणसं बटाटे लावतात. शेजारचं सेंबुंगान तर 2300 मीटरच्या आसपास आहे, जावातलं सगळ्यात उंच गाव म्हणून ते मिरवतं.

पठार म्हणजे जुन्या ज्वालामुखीचं पोट. अजून धुमसतंय. सिकिदांग नावाच्या विवरात राखाडी चिखल रटरटत असतो आणि गंधकाचा वास कपड्यांतून धुतला तरी जात नाही. त्या वाफेवर तिथे वीजही तयार होते. जाडजूड चकचकीत पाइप शेतांमधून, रस्त्याकडेनं, एखाद्याच्या परसातून गेलेले दिसतात.

आता जिल्हा. पठाराच्या मधोमध दोन जिल्ह्यांची हद्द जाते. पश्चिमेचं दिएंग कुलोन बातुर तालुक्यात, बान्जारनेगारा जिल्ह्यात. पूर्वेचं दिएंग केजाजार तालुक्यात, वोनोसोबो जिल्ह्यात. शंकराची जुनी देवळं आणि सिकिदांग एका जिल्ह्यात, रंगीत पाण्याचं तळं दुसऱ्या जिल्ह्यात. तिकिटं अर्थातच वेगवेगळी. हद्द आली की गल्ला आला, हे काही फक्त आपल्याकडेच नाही.

गाव दिसायला साधं. पत्र्याची छपरं, सिमेंटची घरं, दर दोन घरांआड खोल्या भाड्यानं मिळतील अशी पाटी. थंडी बोचरी. पुरुष लुंगी कमरेला न लावता शालीसारखी अंगाभोवती गुंडाळून फिरतात आणि डोक्यावर कानटोपी. संध्याकाळी कुणी दिवाणखान्यात बसत नाही. सगळं घर, पाहुण्यासकट, स्वयंपाकघरात चुलीभोवती. तिथे मला मोगऱ्याच्या वासाचा, बिनदुधाचा, महागोड चहा मिळाला. चहात दूध घालायचं ही सवय आपण पुन्हा एकदा तपासून बघायला हरकत नाही, एवढंच बोलतो. नाहीतर पत्रं येतील.

तर त्या चुलीपाशी घरमालकीणबाईंनी, त्यांना मी काकूच म्हणतो, एक गोष्ट सांगितली. त्या जावानीजमध्ये सांगत होत्या, त्यांची मुलगी इंग्रजीत सांगत होती आणि निखाऱ्यात बटाटे भाजत होते. खरं सांगायचं तर आजचा कार्यक्रम मी या गोष्टीसाठीच घेतलाय.

गोष्ट कळायला एक रीत माहीत हवी. दिएंगच्या पठारावर काही मुलांच्या केसांत जट येते. जन्मतः नाही. दोन-तीन वर्षांचं पोर तापानं फणफणतं, ताप उतरतो, आणि डोक्याच्या मागच्या बाजूला केसांचा गुंता होत होत दोरखंडासारख्या बटा तयार होतात. लोक मानतात की ही कोलोदेते नावाच्या मूळपुरुषाची ठेव. पोरं लाडाची आणि भयंकर हट्टी होतात असंही मानतात. जट कापता येते, पण अट आहे. मूल स्वतः म्हणेल तेव्हाच कापायची, आणि बदल्यात मूल मागेल ते द्यायचं. लक्षात ठेवा, मूल म्हणेल तेव्हा आणि मूल मागेल ते. त्याआधी कापली तर ताप पुन्हा येतो आणि जटही पुन्हा येते, असं सगळा गाव सांगतो.

आता मागणी काय असते? कुणी सायकल मागतं, कुणी बकरी, कुणी नुसती तळलेली तेंपे. तेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, तिथलं रोजचं खाणं. गरिबाला परवडेल असं काही मागितलं की आईबाप सुटले.

काकूंच्या भावाच्या मुलाला अशी जट होती. पाच-सहा वर्षांचा झाला, शाळेत जायचं, म्हणून बापानं विचारलं, "काय देऊ रे, म्हणजे कापायला बसशील?" पोरगं म्हणालं, "कोंबडा."

घर खूश. कोंबडा म्हणजे काहीच नाही.

"कोणता?"

"मागच्या घरातला. लाल."

घरात एकदम शांतता. कारण मागच्या घराशी बोलणं नव्हतं. भांडण पाण्याचं. दिएंगला शेताला पाणी देतात ते तळ्यावरून लांबच लांब नळ्या टाकून. कुणाची नळी कुणाच्या बांधावरून गेली, कुणाच्या नळीला रात्री भोक पडलं, ते कुणी पाडलं, यावरून दोन घरांनी एकमेकांचं तोंड बघणं सोडलं होतं. बांध आणि पाणी, श्रोतेहो. सोलापूर काय आणि बान्जारनेगारा काय.

बापानं दोन दिवस जाऊ दिले आणि पुन्हा विचारलं. असं पुन्हा पुन्हा विचारून खात्री करतात, पोर मागणी बदलतंय का बघतात. पोरगं बदललं नाही. मागच्या घरातला लाल कोंबडा.

मग बापानं, कुठलाही शहाणा बाप करील तेच केलं. बातुरच्या बाजारातून तस्साच लाल कोंबडा आणला. तुरा तसाच, शेपूट तशीच. पोरासमोर सोडला. पोरानं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणालं, "हा नाही."

"अरे हाच तो!"

"तो लंगडतो."

आता काय बोलणार? काकू म्हणाल्या, वहिनीनं तेव्हा नवऱ्याकडे असं बघितलं की बिचारा उठून बटाट्याच्या शेतातच गेला.

त्याच आठवड्यात पोराला सर्दी-ताप आला. साधा असेल. पण जटेच्या घरात कुठलाच ताप साधा नसतो. म्हातारी आजी कुणाला न विचारता उठली, अंगाभोवती लुंगी गुंडाळली आणि मागच्या घराच्या दारात जाऊन उभी राहिली. म्हणाली, "तुमचा लंगडा कोंबडा आमचा पोरगा मागतोय."

मागच्या घरचा म्हातारा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं विचारलं, "हाच मागितला? माझाच?" आजी म्हणाली, हाच. त्यावर म्हातारा काय म्हणाला ते ऐका. "पैसे घेणार नाही. पण कोंबडा मीच घेऊन येणार. सगळ्यांच्या देखत."

आणि आला. समारंभाच्या दिवशी इस्त्रीचा बाटिक शर्ट घालून, काखेत कोंबडा धरून, पुढच्या रस्त्यानं वळसा घालून आला. मागच्या परसातनं दहा पावलांची वाट होती, तिथनं नाही. सगळ्या गावानं बघायला हवं होतं ना.

घरात भाताचा उंच शंकू रचलेला, भोवती भाज्या, बाजारातली गोडधोड, मधोमध अख्खी शिजवलेली कोंबडी. ती बघून पोरगं आधी धावत अंगणात गेलं आणि आपला कोंबडा जिवंत आहे ना ते बघून आलं. मग पांढरं कापड अंगावर घेऊन बसलं. गावच्या मौलवींनी अरबी प्रार्थना म्हटल्या, पहिली बट वडीलधाऱ्यानं कापली, दुसरी बट, घरच्यांनी आग्रह केला म्हणून, मागच्या घरच्या म्हाताऱ्यानं. केस पांढऱ्या फडक्यात बांधून ओढ्यात सोडले. तो ओढा सेरायु नदीला मिळतो आणि सेरायु पुढे चिलाचापजवळ हिंदी महासागराला.

इथे गोष्ट संपली असं मला वाटलं. काकू म्हणाल्या, छे, थांबा.

संध्याकाळी कोंबडा गायब. शोधाशोध. कोंबडा लंगडत लंगडत परसातून आपल्या जुन्या घरी जाऊन बसलेला! कोंबड्याला कुठे ठाऊक की त्याचं दान झालंय. पोरगं गेलं, काखेत घालून घेऊन आलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. रोज दिवेलागणीला पोरगं मागच्या घरी जाणार, तिथे त्याला काहीतरी खाऊ मिळणार, उशीर झाला की आई हाका मारत परसात येणार, आई आली की त्या घरची सून बाहेर येणार. पुढे पाण्याची नळी म्हणे दोघांनी मिळून नवी टाकली.

मी विचारलं, पोरानं मुद्दाम तोच कोंबडा मागितला असेल का, भांडण मिटावं म्हणून? मुलीनं प्रश्न जावानीजमध्ये सांगितला आणि काकू खो खो हसत सुटल्या. म्हणाल्या, "कसलं मुद्दाम! त्याला कोंबडा हवा होता." तो मुलगा आता बटाट्याचा ट्रक चालवतो.

जटेचं आपल्यालाही नवल नाही. आपल्याकडे बाईच्या केसांत जट आली की यल्लम्माचं बोलावणं आलं म्हणायचे, आणि कित्येक पोरी त्यापायी देवीला सोडल्या गेल्या. आजही मानेला ओढ बसेल एवढ्या जटा वागवणाऱ्या बाया आहेत. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते तासन् तास समजूत घालून त्या सोडवतात. मी त्यांच्या बाजूचा माणूस आहे. पण दिएंगच्या लोकांनी जटेला देवाचं मानलं आणि तरी तिच्यातून सुटायची वाट रीतीतच ठेवली, आणि किल्ली दिली पोराच्या हातात. मूल म्हणेल तेव्हा, मूल मागेल ते. हे मला फार आवडलं.

2010 पासून दिएंग कुलोनची मंडळी दरवर्षी महोत्सव भरवतात आणि त्यात जट उतरवण्याचा सामुदायिक सोहळा अर्जुनाच्या देवळापाशी होतो. रात्री जाझ संगीत, आकाशकंदील. गावाला पैसा मिळतो, चांगलंच आहे. फक्त पाच वर्षांच्या पोराच्या तोंडापुढे शंभर मोबाइल धरलेले बघवत नाहीत.

देवळांचं राहिलंच की. घड्याळ पळतंय, भराभर सांगतो. दिएंगची देवळं शंकराची, जावातल्या सगळ्यात जुन्या देवळांपैकी, सातव्या-आठव्या शतकापासूनची. तिथे सापडलेल्या एका शिलालेखावर इसवी सन 809 येतं. लहानशी, करड्या दगडाची, धुक्यात उभी. नावं मात्र लोकांनी फार नंतर दिली, आणि ती महाभारतातली: अर्जुन, भीम, घटोत्कच, सुभद्रा, पुन्तादेवा म्हणजे युधिष्ठिर. आणि श्रीकांडी. आपला शिखंडी जावात चक्क स्त्री आहे, धनुर्धर आहे आणि अर्जुनाची बायको आहे. द्रौपदी एकट्या युधिष्ठिराची. अर्जुनाच्या देवळासमोर सेमारचं देऊळ, हा सेमार तर व्यासांना माहीतच नाही. तो पांडवांचा ढेरपोट्या, विनोदी सेवक, आणि मुळात देव. हे ऐकून कुणी "त्यांनी आपलं महाभारत बिघडवलं" म्हणालं तर मला राग येतो. गाव मुसलमान आहे, नमाज पढतं, आणि स्थानिक पर्यटन मंडळाचं नाव 'दिएंग पांडवा' आहे.

या जमिनीचा भरवसा नाही, तेही सांगायला हवं. 20 फेब्रुवारी 1979. याच बातुर तालुक्यात सिनिला विवराचा पहाटे उद्रेक झाला. केपुचुकान गावची माणसं घाबरून बातुरच्या रस्त्यानं पळाली आणि वाटेत जमिनीलगत साचलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सापडली. या वायूला वास नाही, रंग नाही, हवेपेक्षा जड. 149 माणसं गेली. घरं सोडून पळाली म्हणून गेली, श्रोतेहो. आता विवरांवर पहारा आहे, वायूचं मोजमाप होतं.

आणि बटाटा. पूर्वी तंबाखू होती. 1980 च्या दशकापासून बटाटा आला, पैसा आला, पक्की घरं आली, कित्येकजण हजला जाऊन आले. पण उतारावर वरपासून खालपर्यंत सरळ सऱ्या काढल्या, झाडं गेली, आणि पावसाबरोबर माती सेरायुत उतरायला लागली. ती खाली म्रिचाच्या धरणात साचते. जुलै-ऑगस्टच्या निरभ्र रात्री पारा शून्याखाली जातो, पहाटे पानांवर बर्फ असतं. शहरातले लोक ते बघायला गाड्या करून येतात आणि "जावात बर्फ!" म्हणून नाचतात. त्याच पानांचा सकाळी दहापर्यंत काळा चोथा होतो. निफाडच्या द्राक्षवाल्याला विचारा, पारा उतरला की रात्र कशी जाते ते.

जायचं असेल तर योग्याकार्ताहून गाडीनं चारेक तास धरा. स्वेटर न्या, मे ते सप्टेंबर पाऊस कमी. उतरताना वोनोसोबोला 'मी ओंगक्लोक' नावाचा पदार्थ खा, दाट रश्श्यातल्या शेवया असतात, मात्र मांसाहार चालत नसेल तर साते, म्हणजे काडीवर भाजलेलं मांस, बाजूला ठेवायला सांगा आणि रश्श्यात वाळकी कोळंबी आहे का तेही विचारा. आणि कारिका घ्या, डोंगरातली बुटकी पपई, पाकात शिजवलेली, छोट्या डब्यांत मिळते. कच्ची खाऊ नका, चीक बाधतो.

पुढच्या रविवारी मदुरा बेटावरच्या बैलांच्या शर्यती. नमस्कार.