एक गुंठ्याचा ठिपका

(एका वसंत व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत छापलंय, 'उपग्रह आणि देशाचं पीकपाणी'. विषय मीच दिला होता, त्यामुळे आता तक्रारीला जागा नाही. पण 'पीकपाणी' या शब्दावर माझा जीव आहे. पाव्हणा घरात टेकला की पाण्याचा तांब्या पुढे करता करता विचारतात, काय म्हणतंय पीकपाणी? एका शब्दात पीकही आलं, पाऊसही आला. मी जिथे नोकरी केली तिथे या दोन गोष्टींना दोन मजले होते आणि दोन साहेब होते. दोन्ही साहेब एकमेकांशी फक्त पत्रानं बोलत. पत्र जिन्यानं गेलं तरी आठ दिवस लागत.

सुरुवात १९७२ पासून करू. पुढच्या दोन रांगांना बहात्तर म्हटलं की काय आठवतं हे विचारायला नको. खडी फोडणं, सुखडी, मिलो... बरोबर, लाल ज्वारी. तर त्याच वर्षी २३ जुलैला, आपण इथे आभाळाकडे डोळे लावून बसलो होतो तेव्हा, अमेरिकेनं जमीन न्याहाळण्यासाठी पहिला लँडसॅट उपग्रह सोडला. त्याच साली रशियाचं गव्हाचं पीक बुडालं आणि त्यांनी गाजावाजा न करता अमेरिकेतून ढीगभर गहू उचलला. अमेरिकेच्या लक्षात येईपर्यंत भाव चढायला लागले होते. मग १९७४ साली तिथल्या अंतराळ, हवामान आणि शेतीखात्यांनी मिळून परदेशातला गहू आकाशातून मोजायचा मोठा प्रयोग काढला. थोडक्यात, शेजाऱ्याच्या बांधावरून डोकावणं. आपण तोंडानं 'दूरसंवेदन' म्हणतो, पण मूळ वृत्ती ही.

बांधावरून आठवलं, आणि हे मी सांगणारच, संयोजकांनी घड्याळ बघू नये. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली पांडुरंग वासुदेव सुखात्मे जन्मले. मोठे संख्याशास्त्रज्ञ. १९४० च्या दशकात त्यांचा वाद झाला तो थेट प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्याशी, म्हणजे तेव्हाच्या दुसऱ्या बड्या संख्याशास्त्रज्ञाशी. वादाचा विषय काय? पीक कापणी प्रयोगात, म्हणजे शेतात दोरीनं एक तुकडा आखून, तेवढाच कापून उत्पन्न मोजतात त्यात, तुकडा केवढा घ्यायचा. महालनोबीस म्हणायचे, लहान तुकडे घ्या, पण पुष्कळ घ्या. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की तुकडा फार लहान असला तर उत्पन्न फुगून दिसतं. कारण काठावरचं ताट आत धरायचं की बाहेर, हे दोरी धरणाऱ्याच्या हातात असतं, आणि चांगलं भरलेलं कणीस बाहेर ठेवायला कुणाचा हात होतो? लहान तुकड्याला क्षेत्राच्या मानानं काठ जास्त, म्हणून चूकही जास्त. पुढे सुखात्मे रोमला जागतिक अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख झाले. आणि दिल्लीत उपग्रहावरून पिकांचा अंदाज काढणारं राष्ट्रीय केंद्र २०१२ साली सुरू झालं, त्याला नाव महालनोबीसांचं. माणूस तेवढा मोठाच होता, माझं काही म्हणणं नाही. पण सातारकरांनी हा जमाखर्च मनात ठेवावा.

(हशा)

आता हाच काठ उपग्रहाच्या चित्रात बघा. चित्र ठिपक्यांचं बनलेलं असतं. ज्या जुन्या चित्रांवर आम्ही देशाचा दुष्काळ बघत होतो, त्यातला एक ठिपका अडीचशे मीटरचा, म्हणजे साडेपंधरा एकर. आपल्याकडे साडेपंधरा एकरात किती खातेदार बसतील? त्यात सोयाबीन, तूर, विहिरीजवळचा ऊस, बांधावरच्या बाभळी आणि कुणाची तरी सोयरिकीची भांडणं, सगळं मिळून एक रंग! आता सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाचा ठिपका दहा मीटरचा आहे. दहा गुणिले दहा, शंभर चौरस मीटर. आणि आपला गुंठा? एकशे एक चौरस मीटर. युरोपातल्या इंजिनियरांनी नकळत गुंठा शोधून काढला! हे माझ्या लक्षात आलं त्या दिवशी मी घरी पेढे नेले होते. बायकोनं विचारलं, बढती का? मी म्हटलं, गुंठा. तिनं पेढे ठेवून घेतले.

याच्या जोडीची दुसरी गोष्ट मला एका आजींनी शिकवली. साल २०२३. तो ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यांत कोरडा ठरला, सरासरीपेक्षा ३६ टक्के पाऊस कमी. सप्टेंबरच्या सुरुवातीला मी नकाशा पडताळायला मराठवाड्यातल्या एका गावी गेलो. नकाशावर एक शेत छान गडद हिरवं दिसत होतं. तिथे पोचलो, तर खरोखरच हिरवं. मी खूश. फोटो काढला, वहीत 'पीक उत्तम' लिहिलं. बांधावर आजी बसल्या होत्या.

"काय लिहायलात, साहेब?"

"पीक चांगलं आहे, आजी."

त्या उठल्या, एक झाड उपटलं, चार शेंगा तोडून माझ्या तळहातावर ठेवल्या. चपट्या. दाबल्या तर आत काही नाही. म्हणाल्या, "आश्लेषा कोरडी गेली, मघा कोरडी गेली. फुलात असताना पानी न्हाई. आता पूर्वाचा पाऊस पडून हिरवं झालंय, ते जनावराला. तुमच्या यंत्राला हिरवं दिसतंय, दाना दिसत न्हाई."

मी वहीतलं खोडलं. त्या एका दमात जे बोलल्या त्याला आम्हाला अहवालात बारा पानं लागतात. आणि बघा, सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो. आमची चित्रं ढगांमुळे रोज मिळत नाहीत, म्हणून सोळा दिवसांतली त्यातल्या त्यात स्वच्छ निवडून एक चित्र बनवतात. सोळा आणि चौदा, फरक दोनच दिवसांचा! म्हणून माझा हट्ट आहे की पीक परिस्थितीचा अहवाल नक्षत्रवार आणि गुंठ्यात छापा. 'यंदाची मघा गेल्या वीस मघांच्या तुलनेत कशी' असं लिहिलं तर बांधावरचा माणूस तो अहवाल तपासेल, आणि चुकलो तर कान धरेल. मी हे एका बैठकीत मांडलं तेव्हा एक अधिकारी म्हणाले, हे ज्योतिष झालं. मी म्हटलं, शेतकरी पेरणीसाठी मृग बघतो तेव्हा त्याला पत्रिका जुळवायची नसते, साहेब.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे मूळ विषय राहिलाच.

तर भराभर. निरोगी पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. या दोन्हींतला फरक भागिले त्यांची बेरीज, हा हरितपणाचा निर्देशांक, एनडीव्हीआय. उणे एक ते अधिक एक. पण सोयाबीननं एकदा सगळी जमीन झाकली की आकडा वर जाऊन थबकतो, पुढचं दाण्याचं त्याला कळत नाही. आजींचा मुद्दा. ताण बसला की पान आधी रंध्रं मिटतं, त्यानं ते तापतं, आणि पिवळं नंतर पडतं. म्हणून हिरव्या रंगाच्या आधी तापमान आणि पानातलं पाणी बघावं लागतं. तिसरं, ढग. खरिपात नेमका आभाळाचा पडदा, म्हणून भात आणि तागासाठी रडार. सेंटिनेल-१, आपला ईओएस-०४ हे रडारवाले उपग्रह. रडार ढगाआरपार बघतं.

चौथं, पाऊस. पर्जन्यमापक महसूल मंडळात एक, आणि पाऊस मात्र बैलाच्या एका शिंगावर पडतो. म्हणून मापक आणि उपग्रह मिळून पावसाचा नकाशा काढायचा. हे सगळं एकत्र बघायचं ठरवून आपल्याकडे 'फसल' प्रकल्प झाला: अंतराळ, हवामान, जमीन. आणि दुष्काळ कसा ठरवायचा ते सांगणाऱ्या केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेत पाऊस, पीक, हरितपणा, ओलावा हे सगळं आहे. २०२३ ला राज्यानं ४० तालुके दुष्काळी जाहीर केले ते त्याच वाटेनं. मोठ्या क्षेत्राचा अंदाज बरा येतो, कारण इकडची चूक तिकडच्या चुकीत जिरते. गावाला, एका गटाला ती सोय नाही. तिथे दहा बाय पाच मीटरचा तुकडा आखून कापणीच करावी लागते. अर्धा गुंठा! उपग्रहानं एवढंच करावं, तो तुकडा कुठे पाडायचा ते सांगावं, म्हणजे दोरी कुणाच्या सोयीच्या शेतात पडणार नाही. काठावरच्या ताटाचं मग सुखात्मे बघून घेतील.

दुसरी चिठ्ठी आली. थांबतो. पडदा काढू नका, राहिलेली चित्रं चहा घेता घेता बघू. पीकविम्याचे प्रश्न मात्र मला विचारू नका. माझाच अर्ज अजून अडकलेला आहे.