सांडशी आहे का तुझ्याकडे?

बडोदं. दांडिया बाजार. श्रावणातली दुपार, नुकतीच एक सर येऊन गेलीय. जुन्या घराच्या माडीवर सतरंजी अंथरून सहा मुलं पत्ते खेळतायत. गुजरातेत सातम-आठमला, म्हणजे गोकुळाष्टमीच्या सुमारास, पत्त्यांचे डाव बसतातच, त्यामुळे आज ‘पत्ते काय कुटताय’ म्हणून कुणी ओरडत नाही. पण हा डाव वेगळा आहे. नीट ऐका.

‘डू यू हॅव द सांडशी?’

‘नो. गो फिश!’

ही मुलं घरात मराठी बोलतात, जिना उतरला की गुजराती, टीव्हीपुढे हिंदी. नेहमीच्या पत्त्यांतही इस्पिकला सहज गुजरातीतलं ‘काळी’ म्हणतात, बदामाला ‘लाल’. इंग्रजी मात्र वहीतच राहते. स्पेलिंगं पाठ, उत्तरं पाठ, आणि समोरून कुणी दोन वाक्यं बोललं की मान खाली.

बडोद्याला हा पेच जुना आहे. १८७५ साली नाशिककडच्या कवळाण्याहून बारा वर्षांचा एक मुलगा इथे दत्तक आला. अक्षरओळख नव्हती. त्याला मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी एकदमच शिकायला बसवलं. तेच पुढे सयाजीराव महाराज. त्यांना शिकवायला इलियटसाहेब होते. या माडीवर आहे तो पुठ्ठ्याच्या पानांचा एक जोड.

जोड घरीच केलाय, जुन्या लग्नपत्रिका कापून. तेरा संच, प्रत्येकात चार पानं, एकूण ५२. स्वयंपाकघराच्या संचात पोळपाट, लाटणं, झारा, सांडशी. पानावर फक्त चित्र. शब्द मुद्दाम लिहिलेला नाही. प्रत्येकाला पाच पानं वाटायची. ज्या संचातलं एक तरी पान हातात असेल, त्याच संचातलं दुसरं मागायचं. मिळालं तर पुन्हा मागायचं, नसेल तर समोरचा ‘गो फिश’ म्हणतो, मग गठ्ठ्यातून एक उचलायचं. चारही जमली की संच खाली.

आणि मागायचं ते इंग्रजीतच. एखाद्या वस्तूचा शब्द अडला तर मराठी चालतो, वाक्य थांबता कामा नये. मग थोरल्यांपैकी कुणीतरी ‘टाँग्ज’ म्हणतो आणि तो शब्द लक्षात राहतो, कारण ते पान हवं असतं.

एकच प्रश्न वर्गात दहादा म्हणायला लावला तर मुलं कंटाळतात. इथे तोच प्रश्न डावभर चाललाय आणि कुणाला त्याचं भानही नाही. सगळ्यांचे डोळे पानांवर आहेत, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे कुणी बघत नाही. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे: इथे हरणारा वाईट पानांमुळे हरतो, वाईट इंग्रजीमुळे नाही. वर्गात पहिला येणाराही सपशेल हरतो.

सगळेच खेळ असे कामाला येत नाहीत. १९७१ साली अमेरिकेत निघालेला उनो मुलांना फार आवडला, पण दुपारभर ‘रेड’, ‘ब्लू’ आणि ‘उनो’ एवढंच ऐकू आलं, आणि ‘उनो’ तर स्पॅनिश. कॉलेजातल्या पोरांसाठी टॅबू चांगला: एक शब्द ओळखवायचा, पण पानावर लिहिलेले पाच शब्द वापरायचे नाहीत. बोलल्याशिवाय पान हलत नसेल, तोच खेळ घ्यावा.

ती कोपऱ्यातली मुलगी बघा, दोन वेण्यांची. पहिले काही दिवस ती नुसती बसायची. मग बोट दाखवून पान मागायला लागली. मग प्रश्न, पुटपुटत.

आता समोरचा तिला ‘गो फिश’ म्हणालाय. ती गठ्ठ्याला हात लावत नाही. गुडघ्यांवर उठलीय.

‘नो! यू हॅव इट! आय सॉ इट!’

हे वाक्य तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. समोरचा मुकाट्याने लाटणं काढून देतो. ती चारही पानं सतरंजीवर मांडते, आणि पुढचं मागते.