गाळातलं विरजण

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राबद्दल, म्हणजे खरं तर त्यातल्या गाळाबद्दल. कोकणातल्या आतल्या गावांना हे केंद्र का लागतं, हे विहीर असलेल्या घरांना सांगायला नको. आपल्या जांभ्या दगडात भेगा फार. शोषखड्ड्यातलं पाणी मातीतून गाळून न जाता भेगेतून खाली उतरतं आणि शेजारच्या विहिरीत निघतं.

केंद्रात पाणी आधी जाळीतून जातं, मग वाळू बसते. पुढे हवेचा हौद, जिथे पाण्यात हवा सोडतात; त्यापुढे निवळणीचा हौद, जिथे गाळ तळाला बसतो; शेवटी क्लोरीन. यातला जीव आहे हवेच्या हौदात, आणि त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

साल १९१४, शहर मँचेस्टर. आर्डर्न आणि लॉकेट हे दोन रसायनतज्ज्ञ बाटलीत सांडपाणी घेऊन त्यात हवा सोडत होते. उजेडाने शेवाळ धरू नये म्हणून बाटल्यांना तपकिरी कागद गुंडाळलेला. पाण्यातला सगळा अमोनिया जाऊन त्याचं नायट्रेट व्हायला पाच आठवडे लागले. पाच आठवडे! एवढा वेळ कुठल्या गावाला परवडणार? पण त्यांनी एक केलं. वरचं निवळ पाणी ओतून दिलं आणि तळाचा गाळ तसाच ठेवला. त्यावर नवं सांडपाणी, पुन्हा हवा. दर खेपेला गाळ वाढत गेला, वेळ कमी होत गेला आणि शेवटी तेच काम एका दिवसाच्या आत होऊ लागलं. त्या गाळात जिवाणू होते, विरजणासारखे. आर्डर्न आणि लॉकेटना ही वाट दाखवणारे गिल्बर्ट फाउलर पुढे बेंगळुरूच्या विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. म्हणजे ही विद्या आपल्याकडे कालपरवा आलेली नाही.

तर गाळ सगळा काढायचा नाही. पुन्हा सांगतो, सगळा काढायचा नाही. ऑपरेटरने रोज हवेच्या हौदातलं लिटरभर पाणी मोजपात्रात घेऊन अर्धा तास ठेवावं. गाळ २०० ते ३०० मिलिलिटरवर बसला तर ठीक. त्याहून बराच वर राहिला तर थोडा बाहेर काढावा, फारच खाली गेला तर निवळणीतला गाळ पंपाने परत आणावा. रंग तपकिरी आणि वास ओल्या मातीचा हवा. काळा पडला, कुजक्या अंड्याचा वास आला, तर हवा कमी पडतेय. ब्लोअर, म्हणजे हवा ढकलणारं यंत्र बघा; डिफ्युझर, म्हणजे तळाशी हवेचे बुडबुडे सोडणारे भाग, तुंबलेत का बघा. वीज जाते तिथे ब्लोअरला जनरेटर हवाच.

खरा घात होतो पावसात. पन्हाळीचं पाणी मैल्याच्या पाइपात सोडलं की हौद भरून वाहतो, गाळ बसायला उसंत मिळत नाही आणि जिवाणू वाहून जातात. मग पुन्हा आठवडेच्या आठवडे वाट बघणं. पावसाचं पाणी वहाळालाच, म्हणजे ओढ्यालाच जाऊ द्या. आणि ते वहाळ स्लॅब टाकून झाकू नका हो! झाकलेल्या वहाळात कोण काय सोडतं ते दिसत नाही आणि तो साफही करता येत नाही.

घरच्या सेप्टिक टँकलाही हेच लागू. दोन-तीन वर्षांनी गाळ उपसणारी गाडी बोलवा, पण तळाला इंचभर गाळ राहू द्या. टाकी घासून धुऊ नका, संडासात ॲसिड ओतू नका. आणि टाकीत कुणालाही उतरवू नका. आतल्या वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो, त्याला काढायला गेलेलाही वाचत नाही. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. गाडीचा पाइप वरूनच सोडायला सांगा.