सड्यावरची हाक

साताऱ्याहून ठोसेघरचा धबधबा मागे टाकला की पुढे चाळकेवाडीचा सडा, म्हणजे उघडे खडकाळ पठार, लागतो. जांभ्यावर बोटभर माती, तिच्यात पावसाळ्यापुरते उगवणारे गवत, आणि नजर पोचेल तिथवर पवनचक्क्या. शार्लट ब्राँटे यांची ‘जेन एअर’ ही 1847 साली प्रसिद्ध झालेली कादंबरी, म्हणजे भयाच्या छायेतली प्रेमकथा, विज्ञानकथा म्हणून नव्याने लिहायची ठरली, तेव्हा उत्तर इंग्लंडच्या ओसाड माळाची जागा आम्ही या सड्याला दिली आणि नायकाचा, रॉचेस्टरचा वाडा मंगळावर नेला.

वाडा हलवणे फारसे कठीण गेले नाही. मूळ कथेत तिसऱ्या मजल्यावरून येणारे हसू ग्रेस पूल या नोकर बाईचे आहे असे वाड्यात शिक्षिका म्हणून आलेल्या जेनला सांगतात. प्रत्यक्षात ते रॉचेस्टरने कोंडून ठेवलेल्या बायकोचे, बर्थाचे असते. आमच्या कथेत तो आवाज हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राचा आहे असे वस्तीचा संगणक सांगतो, म्हणजे खोटे बोलण्याचे काम मालकाने घरालाच लावले आहे. बर्थाची हकिकत कादंबरीत बहुतांशी रॉचेस्टरच्याच तोंडून कळते, म्हणून आम्ही तिला तिची रोजनिशी दिली. या बदलाला विज्ञानाची गरज नव्हती, हे मान्य करायला हवे. सत्य कळल्यावर मूळची जेन घोडागाडीने दोन दिवसांत दूर जाते. आमच्या जेनला यानातून सात महिने लागतात, आणि मन घट्ट करून निघालेल्या माणसाला ते जरा जास्तच होतात.

आम्ही अडलो ते हाकेपाशी. एका रात्री रॉचेस्टर दुरून तीनदा जेनचे नाव घेतो, ते तिला ऐकू येते, ती ओ देते आणि ती ओ त्यालाही ऐकू येते. इथे रेडिओ आणला तर उरतो नुसता फोन. परंतु मंगळावरून पृथ्वीपर्यंत यायला रेडिओलहरीला, दोन्ही ग्रह एकमेकांपासून किती दूर आहेत त्यानुसार, साधारण 3 ते 22 मिनिटे लागतात. त्यामुळे हाकेला तत्क्षणी ओ मिळाली, तर जुन्या वाचकाने दैवी म्हणून मान्य केलेली गोष्ट इथे निसर्गनियमालाच छेद देते. ती तशीच ठेवायची, तिचे कारण द्यायचे नाही, असे आम्ही ठरवले.

चक्क्यांच्या घरघरीत आमची जेन पडवीत उभी राहून ओ देते, आणि मंगळावरच्या नोंदवहीत ती त्याच मिनिटाला उमटते. 18 मिनिटांनी रॉचेस्टरची तीच हाक रेडिओवरून रीतसर येऊन पोचते, तेव्हा पडवी रिकामी असते.