८६ चा ठोका

[दृश्य: कुंभाराच्या अंगणातले माठ. एक बाई माठ उचलून बोटाच्या पेराने वाजवते.]

माठ घेताना आपण तो वाजवून घेतो. खणखणीत वाजला तर घरी येतो, बद्द वाजला तर जागच्या जागी राहतो. चीर डोळ्यांना दिसलीच पाहिजे असं नाही. चिरेमुळे माठाचा ताठपणा कमी होतो, आवाज खाली उतरतो आणि चिरेच्या दोन कडा एकमेकींवर घासून तो चटकन विझवूनही टाकतात.

[दृश्य: वर्कशॉप. फिटर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू मोटरवर टेकवून मूठ कानाशी धरतो.]

मोटर वाजवून बघायची गरज नाही, ती स्वतःच वाजत असते. जुने फिटर स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून सांगतात, "खरखरतंय, बेअरिंग बघा." बहुतेक वेळा बरोबर निघतात. पण खरखर कानाला कळेपर्यंत बेअरिंगचं बरंच आयुष्य सरलेलं असतं.

[दृश्य: तळहातावर बेअरिंग.]

हे ६२०५ नंबरचं बेअरिंग. भोक २५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ५२, आत दोन कड्यांच्या मधे ९ छर्रे. या कड्यांना रेस म्हणतात: आतली शाफ्टवर, म्हणजे मोटरच्या फिरत्या दांड्यावर, बसते, बाहेरची जागेवर स्थिर राहते. दोन अश्वशक्तीच्या मोटरमध्ये हे सर्रास सापडेल. समजा याच्या बाहेरच्या रेसवर खसखशीच्या दाण्याहून लहान खड्डा पडलाय. दर छर्रा त्यावरून जाताना एक बारीक ठोका बसणार. सेकंदाला किती?

मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २४. छर्रे मात्र तेवढ्या वेगाने पळत नाहीत, मागे रेंगाळतात. त्यांना धरून ठेवणारी केज शाफ्टच्या एका फेऱ्यात जेमतेम ०.४ फेरा पुरा करते, सेकंदाला साधारण साडेनऊ. छर्रे ९. ठोके झाले ८६. खड्डा आतल्या रेसवर असेल, तर ती रेस शाफ्टबरोबर फिरत छर्ऱ्यांना मागे टाकत जाते आणि ठोके होतात १३०. या दोन आकड्यांची बेरीज करा: २१६. म्हणजे ९ गुणिले २४. इतका सुबक हिशेब यंत्रशास्त्रात फार वेळा भेटत नाही. बेअरिंग न उघडता खड्डा कुठल्या रेसवर आहे, ते आकडाच सांगतो.

[दृश्य: मोटरवर लोहचुंबकाने चिकटवलेला, कंप मोजणारा सेन्सर, शेजारी लॅपटॉप.]

मात्र कंपांचा सरळ आलेख काढला तर ८६ बहुधा दिसतच नाही. रोटरचा, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाचा, तोल जरासा इकडेतिकडे असतोच, त्याचा २४ चा हादरा सगळ्यावर बसलेला असतो. मिरवणुकीत ढोल घुमत असताना कुणाच्या पायातलं पैंजण ऐकायचं, तसं हे काम.

युक्ती अशी, की ठोका बसला की आसपासचा धातू घंटेसारखा झणझणतो. ती झणझण काही हजार हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला काही हजार कंपांची, ढोल तिथवर पोचत नाही. खालचे सगळे कंप गाळून टाकायचे, झणझण तेवढी ठेवायची आणि ती सेकंदाला किती वेळा उसळून विझते ते मोजायचं. याला एन्व्हलप ॲनालिसिस म्हणतात.

[दृश्य: पडद्यावर एक उंच रेघ, ८५.३.]

छर्रे थोडे घसरतातच, म्हणून नेमका ८६ येत नाही. फिटरदादा स्क्रू ड्रायव्हर लावून बघतात आणि मान हलवतात. त्यांना अजून काही ऐकू येत नाही.

अमेरिकेत क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने याच नंबरच्या बेअरिंगमध्ये विजेच्या ठिणगीने खड्डे कोरले, सगळ्यात लहान ०.१८ मिलिमीटरचा, आणि कंपांच्या नोंदी सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्या. त्यावर शिकवलेली संगणकाची मॉडेलं खड्डा ओळखण्यात जवळजवळ शंभर टक्के गुण मिळवतात. त्या गुणांवर मी फारसा भाळणार नाही. कोरलेला खड्डा नीटनेटका असतो, खरी झीज तशी नसते.

[दृश्य: राखाडी समुद्र. दूरवर हेलिकॉप्टर.]

२९ एप्रिल २०१६. नॉर्वेतल्या बर्गनजवळ ईसी-२२५ हेलिकॉप्टरचा मुख्य रोटर, म्हणजे डोक्यावरचा मोठा पंखा, हवेतच निखळला. तेरा जण गेले. गिअरबॉक्समधल्या एका प्लॅनेट गिअरला थकव्याची चीर गेली होती. कंप मोजणारी यंत्रणा हेलिकॉप्टरवर होती, तिने इशारा दिला नाही. चीर एका सूक्ष्म खड्ड्यापासून निघाली आणि पुढे धातूच्या आतून वाढत गेली. धातूचे कण सुटले तर बिघाडाची चाहूल लागते, पण पृष्ठभागाचे कण फारसे सुटलेच नाहीत. शिवाय सेन्सर बाहेर कवचावर, आणि तो गिअर आत स्वतःभोवती फिरत इतरांभोवतीही फिरणारा. सात वर्षांपूर्वी, १ एप्रिल २००९ ला, स्कॉटलंडजवळ याच घराण्यातलं सुपर प्यूमा असंच कोसळलं होतं, तेव्हा सोळा जण गेले होते.

नॉर्वेच्या अपघातानंतर त्या प्रकारचा प्लॅनेट गिअरच वापरातून काढून टाकण्यात आला.