पंप बदलण्याआधी

गाडी झटके देते, चढावर दम सोडते, सकाळी चार वेळा सेल्फ मारावा लागतो. अशी तक्रार आली की आपण ऐकता ऐकताच सांगून मोकळे होतो, 'पंप गेला.' कधी तो, म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा फ्युएल पंप, खरंच गेलेला असतो. पण माझं कळकळीचं सांगणं आहे, गाडी नेमकी केव्हा बिघडते ते आधी विचारा आणि ती बिघडते त्याच वेळी मोजमाप घ्या.

चावी ऑन केल्यावर टाकीतून दोनेक सेकंद घुर्रर्र आवाज येतो, तो पंपाचा. आवाज आला म्हणजे पंप फिरतोय, एवढंच कळलं. पेट्रोलचं प्रेशर बनतंय की नाही, ते लाइनला लावलेलं प्रेशर गेजच सांगेल. नेहमीच्या पोर्ट इंजेक्शनच्या (सिलिंडरच्या बाहेर, हवेच्या वाटेत पेट्रोल फवारणाऱ्या) पेट्रोल गाडीत ते साधारण ३ ते ४ बार असतं. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा.

माझ्याकडे एक गाडी आली होती. दुसरीकडे पंप नवा टाकून झाला होता, फिल्टरही. आयडलिंगला गेज साडेतीन बार, अगदी ठीक. मग गेज काचेवर दिसेल असं बांधलं आणि गाडी चढावर नेली. ॲक्सिलरेटर दाबला की काटा दोनच्या खाली! पंपाचा कनेक्टर काढून मल्टिमीटर लावला, तर पूर्ण बारा व्होल्ट. इथंच माणूस फसतो. कनेक्टर सुटा असताना वायरमधून करंट जवळजवळ वाहतच नाही, मग खराब जोडही चांगलाच दिसणार. कनेक्टर परत जोडला, पंप चालू ठेवला आणि मीटरची एक पिन पंपाच्या अर्थ (बॉडीला जोडलेल्या निगेटिव्ह) वायरवर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर धरली. तिथं काही दशांश व्होल्ट दिसायला हवेत. दिसले तीन. म्हणजे पंपाच्या वाट्याचे तीन व्होल्ट वाटेतच खर्च होत होते. कार्पेटखाली अर्थचा बोल्ट हिरवा-पांढरा पडलेला. तो काढला, पत्रा घासला, पुन्हा आवळला. त्याच चढावर काटा हलला नाही. आधीचा पंप बिचारा उगाच भंगारात गेला होता.

स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर) पी०१७१ आला तरी पंपाकडे धावू नका. तो कोड सांगतो की मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी आहे. का कमी, ते सांगत नाही. फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा. आयडलिंगला ट्रिम खूप वर आणि आरपीएम वाढवल्यावर उतरत असेल, तर कुठूनतरी जादा हवा शिरतेय. व्हॅक्युम पाइप तपासा. उलट, लोड आल्यावर चढत असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा आत येणारी हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर मळलाय.

सकाळच्या त्रासाला साधी युक्ती आहे. सेल्फ मारण्याआधी चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करा, म्हणजे दर वेळी पंप फिरून प्रेशर भरेल. त्यानं गाडी लगेच सुरू झाली, तर रात्रभरात प्रेशर उतरतंय असं समजा. मग कारण पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे येऊ न देणारी झडप) किंवा गळका इंजेक्टर (पेट्रोल फवारणारी तोटी). सुरू होताना काळा धूर आणि पेट्रोलचा वास असेल तर मी आधी इंजेक्टर बघतो.

आणि हात जपा. पेट्रोलची लाइन सोडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडू द्या. डायरेक्ट इंजेक्शनच्या (थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत हाय प्रेशर बाजूला शंभर बारच्याही वर दाब असू शकतो. तिथं गेज लावायचं नाही, आकडा स्कॅनरवर वाचायचा.